टाइपरायटरमधून उडणारा कागद

प्रश्न : जुन्या अमेरिकी मालिकांच्या शेवटी टाइपरायटरमधून कागद ओढून हवेत भिरकावणारा दाढीवाला माणूस दिसतो. तो कोण? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ते स्टीफन जे. कॅनेल (१९४१–२०१०). उडालेल्या त्या कागदातूनच त्यांच्या निर्मितीसंस्थेचे इंग्रजी 'सी' हे अक्षर आकाराला येई. गंमत अशी की, कागदावर हुकूमत गाजवणारा हा माणूस शाळेत वारंवार नापास झाला होता. त्यामागे डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरवाचनातील अडचण, असल्याचे त्यांना प्रौढपणी, मुलीच्या निदानाच्या वेळी उमगले.

दिवसा वडिलांच्या व्यवसायात काम आणि संध्याकाळी लेखन, अशा उमेदवारीनंतर त्यांनी रॉय हगिन्स यांच्यासह 'द रॉकफर्ड फाइल्स' (१९७४) आणि फ्रँक लुपो यांच्यासह 'द ए-टीम' (१९८३) या मालिका निर्माण केल्या. माझ्या मते त्यांतली पहिलीच खरी सरस, कारण तिचा नायक खासगी गुप्तहेर असूनही ट्रेलरमध्ये राहतो, मार खातो आणि त्याचे मानधन बरेचदा बुडते.

अभिनय हा त्यांचा जोडधंदाच म्हणावा लागेल. 'रेनेगेड'मध्ये त्यांनी डच डिक्सन हा भ्रष्ट पोलीस अधिकारी रंगवला, तर 'कॅसल'मध्ये ते स्वतःच्याच भूमिकेत, रहस्यकथालेखक नायकासोबत पत्ते खेळताना दिसले.

पहिली कादंबरी 'द प्लॅन' १९९५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर आली. वाचनाची सुरुवात मात्र 'द टिन कलेक्टर्स' (२००१) पासून करावी. लॉस एंजेलिसचा पोलीस शेन स्कली तिथेच प्रथम भेटतो.