जाताना नऊ तास, येताना अकरा

प्रश्न : माझी मुलगी टोकियोत नोकरी करते. जानेवारीत कामासाठी तिला सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. तिकिटावर संध्याकाळी 5 ला निघून त्याच दिवशी सकाळी 9 ला पोहोचणार, असं छापलंय! येताना मात्र सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 3 ला. अंतर तर दोन्हीकडून सारखंच. हा हिशेब लागतो कसा?

उत्तर : तिकीट बरोबर आहे. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात टोकियोचं घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या 17 तास पुढे असतं. सकाळी 9 म्हणजे टोकियोत तेव्हा रात्रीचे 2 वाजलेले. म्हणजे प्रवास 9 तासांचा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, म्हणून तारीख तीच राहिली. परतीचा हिशेब असाच मांडलात तर 11 तास येतील.

आता तुमचा खरा प्रश्न, वरच्या दोन तासांचा. भूगोल शिकवताना मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

अंतर सुमारे 8,300 किलोमीटर. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, 36 ते 38 अंश उत्तरेच्या आसपास, म्हणून सपाट नकाशावर वाट सरळ पूर्वेला जाईल असं वाटतं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला सरकून पार 48 अंशांपर्यंत जातो. अक्षांश धरून सरळ गेलं तर चारएकशे किलोमीटर जास्त पडतात.

पण वेळ ठरवतो तो वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहते आणि हिवाळ्यात जपानवर ती फार जोरदार असते. हे वारे टिपणारे जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी मला फार जवळचे वाटतात. 1920 च्या दशकात त्यांनी फुगे सोडून वाऱ्याचा वेग मोजला आणि जगाने वाचावं म्हणून 1926 मध्ये अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला. बाहेरच्या जगाचं त्याकडे फारसं लक्षच गेलं नाही. किती वाईट!

विमान हवेतून ताशी 900 किलोमीटरच्या वेगाने कापत जातं असं धरा. वारा ताशी 100 चा असेल तर जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग 1,000, येताना 800. म्हणजे जाताना 8 तास 18 मिनिटं, येताना 10 तास 22 मिनिटं. उड्डाण, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा धरली की तुमच्या तिकिटावरचे आकडे आलेच.

आणि बघा, जाताना वाचलेला वेळ येताना पुरा फिटत नाही, उलट जास्त द्यावा लागतो. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून 18 तास 27 मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे 18 तास 40. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

म्हणूनच उत्तर पॅसिफिकवरचे मार्ग रोजचा वारा पाहून नव्याने आखले जातात. परतीचं विमान वारा टाळायला लांबची वाटही धरतं, आणि तरी लवकर पोहोचतं. मुलीला सांगा, समोरच्या पडद्यावर जमिनीचा वेग दिसतो, तो जाता-येता बघ.