नाशिक सोडून पुण्याला? आधी सतरा लाखांचे महिन्याचे किती ते पाहू

तुमचं पत्र थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३५. अंबड एमआयडीसीत एकाच कारखान्यात नऊ वर्षं, सध्या क्वालिटी विभागात. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) साडेदहा लाख, हातात महिन्याला ७४ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार २६ हजार. मुलगी दुसरीत, त्याच शाळेत, अर्ध्या फीमध्ये. पाथर्डी फाट्याला २०१८ मध्ये ३२ लाखांना घेतलेला टू बीएचके. कर्ज १५ लाख उरलंय, हप्ता १९ हजार. आई-वडील पंचवटीत, जुन्या घरात. आणि आता चाकणच्या कंपनीची सतरा लाखांची ऑफर आहे, डिसेंबरात हजर व्हायचंय. पाथर्डीचा फ्लॅट विकून पुनावळ्याला ८५ लाखांचा घ्यावा असा तुमचा बेत आहे.

एक वाक्य मात्र तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय: "नाशिकमध्ये काही घडतच नाही." त्याच्याकडे येतेच. आधी पगार.

तुम्ही सतराला बारानं भागून महिन्याचे १ लाख ४१ हजार धरलेत. ऑफर लेटर पुन्हा वाचा. त्यातले दीड लाख व्हेरिएबल आहेत, ते वर्षाअखेरीला, कंपनीला वाटलं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच सतरात बसवलेली आहे. शिवाय आज तुम्ही आयकर भरत नाही, कारण नव्या करपद्धतीत पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे. सतरा लाखांवर साधारण १ लाख ८ हजार कर बसेल. भाड्याच्या घरामुळे एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची, सूट मिळेल असं तुम्ही गृहीत धरलंय, पण ती सूट जुन्या पद्धतीतच आहे. मी दोन्ही पद्धतींनी आकडे करून पाहिले. एचआरए आणि ८०-सीची बचतीवरची वजावट धरूनसुद्धा तुम्हाला नवीच स्वस्त पडते. सगळं वजा जाता दरमहा हातात येतील अंदाजे १ लाख २ हजार.

आता तुमच्या घरात आज किती येतात? तुमचे ७४ आणि वहिनींचे २६, म्हणजे बरोबर एक लाख. वहिनींनी नोकरी सोडून पुण्याला यायचं, तर सतरा लाखांच्या ऑफरनं घरात महिन्याला दोन हजारांची भर पडते. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

खर्चाची बाजू अशी. तुमचा मित्र वाकडला भाडं आणि मेंटेनन्स मिळून साडेएकतीस हजार भरतो म्हणता, तोच आकडा घेऊ. पाथर्डीचा फ्लॅट भाड्याने दिलात तर तेरा हजारांनी जाईल, म्हणजे वरचे साडेअठरा हजार. मुलीच्या फीतली सवलत गेली. तुम्ही कळवलेल्या फीनुसार फरक महिन्याला ६,७०० रुपये. आई-वडील इथे, म्हणून महिन्यातून दोनदा नाशिक. जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर होतात. पेट्रोल आणि टोल मिळून एका फेरीला साडेतीन हजार, म्हणजे महिन्याचे सात हजार. बेरीज ३२ हजारांवर जाते. आज तुम्ही एसआयपी आणि आरडी मिळून २८ हजार वाचवता. ते सगळे संपून वर दोनेक हजारांची खोट.

जूनमध्ये वहिनींना पुण्यात तीस हजारांची नोकरी लागली, तर चित्र सुधारतं. पण मुलीला शाळेतून आणायला आजी नसेल. पाळणाघराचे सात हजार वजा करा. मग २१ हजारांच्या आसपास शिल्लक पडेल. पीएफमध्ये आजच्यापेक्षा महिन्याला पाचेक हजार जास्त जातील. म्हणजे फिरून तुम्ही आज आहात तिथेच, व्हेरिएबल मिळालं तर थोडे पुढे. तोटा नाही हो, पण पगार "जवळजवळ दुप्पट" झाल्याचं तुम्ही मेव्हण्यांना सांगितलंत, तसं काही घडलेलं नाही.

आता फ्लॅट. इथे मी स्पष्टच सांगते: विकू नका. ४६ लाखांना विकला, कर्ज फेडलं, दलाली दिली, की हातात तीस लाख उरतील. करापुरतं पाहिलं तर अडचण नाही. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं की नफ्यावरचा कर टाळता येतो. खरी अडचण पुढे आहे. ८५ लाखांवर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पाच लाख पंच्याण्णव हजार. वर नोंदणीचे तीस हजार. आणि निव्वळ पंखे-कपाटं-किचन ट्रॉलीला पाच लाख कुठे जातात कळत नाही. (फक्त वहिनींच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घेतलं तर पाच टक्के जीएसटी वेगळा.) कर्ज ६६ लाखांच्या घरात जाईल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सत्तावन्न हजार. एकट्याच्या १ लाख २ हजारांतून, प्रोबेशनवर असताना! बँक देईलही. बँकेनं दिलं म्हणजे आपल्याला झेपतं असं नसतं.

फ्लॅट भाड्याने दिलात तर करातही एक सोय आहे. नव्या पद्धतीत स्वतः राहतो त्या घराच्या कर्जाच्या व्याजाला सूट नाही. पण भाड्याने दिलेल्या घराचं भाडं दाखवताना आधी ३० टक्के सरसकट वजावट आणि मग व्याज वजा करता येतं. तुमचं वर्षाचं व्याज सव्वा लाखाच्या आसपास आहे, त्यामुळे भाड्यावर कर लागणार नाही. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर उरलेलं पगारातून मात्र वजा होत नाही. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं शुल्क) लावेल. ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, सेक्रेटरी काहीही म्हणोत. गुंतवणूक म्हणून ४६ लाखांवर वर्षाला दीड लाख भाडं हा काही फार मोठा परतावा नाही, हे मान्य. पण पंचवटीत सत्तरीकडे झुकलेले आई-वडील असताना नाशिकमध्ये स्वतःचं लिफ्टचं घर असणं हे मी टक्केवारीत मोजत नाही.

"सिंहस्थ होईपर्यंत थांबून विका, भाव चढतील," असं मेव्हणे म्हणतात. माणसं रामकुंडावर स्नानाला येतात, पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला नाही. २००३ आणि २०१५ लाही सिंहस्थ झाले. रस्ते, पूल होतील, त्याचा फायदा झालाच तर सावकाश होईल. तुमच्या हिशेबात तो शून्य धरा.

आता ते वाक्य. तुमची तक्रार खोटी नाही. कॉलेज रोड साडेदहाला आवरतो. कालिदास कलामंदिरला चांगलं नाटक लागतं ते पुण्या-मुंबईत प्रयोग होऊन गेल्यावर. मोठ्या गायकाचा कार्यक्रम असला तर तिकीट पुण्याचं काढावं लागतं. मिसळ, रहाडीतली (जुन्या हौदातली) रंगपंचमी आणि गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला यांवर पस्तिशीतल्या माणसाचे बावन्न शनिवार निघत नाहीत, हे मी नाशिककर असूनही कबूल करते.

पण तुम्ही जाणार आहात ते पुणं कुठलं? कंपनी चाकणला. वाकडहून रोज चाकणला जायचं म्हणजे तिथल्या चौकातल्या रांगेत आयुष्य काढायचं. शहाणा माणूस मोशी-भोसरीकडे घर घेईल. तिथे भाडंही कमी, आणि नाशिकचा हायवे दारातून जातो. मग बालगंधर्व मोशीपासून वीसेक किलोमीटर, संध्याकाळच्या गर्दीत तासाच्या वर. नाटक सुटल्यावर झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन परत. मी स्वतः नोकरीनिमित्त चार वर्षं कर्वेनगरात होते, म्हणजे सगळं हाकेच्या अंतरावर. वर्षाला हिशेब काय? सवाई गंधर्वची एक संध्याकाळ, तीन-चार नाटकं. उरलेले शनिवार कपडे धुण्यात आणि नाशिकच्या एसटीत गेले.

म्हणून एक करा. गेल्या वर्षी पुण्या-मुंबईला निव्वळ मौजेसाठी किती वेळा गेलात ते आठवा. पत्रात तुम्ही दोन म्हणता. पंचवटी एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे, कसारा घाट उतरला की मुंबई. दर महिन्याला एक फेरी ठरवा. तिघांची तिकिटं, एक रात्र लॉज, जेवण, कार्यक्रम मिळून आठ हजार धरा, वर्षाचे ९६ हजार. तेवढे पैसे तुमच्या आजच्या बचतीतून निघतात आणि तरी वीस हजार उरतात. गजबज हवी म्हणून घर हलवायचं असेल, तर ती गजबज याहून बरीच महाग पडतेय.

इतकं सगळं लिहून मी "जाऊ नका" म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. जा. मात्र कारण वेगळं आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

नऊ वर्षं एकाच कारखान्यात काढलेला क्वालिटीचा माणूस उद्या अंबडमध्ये नोकरी शोधायला निघाला, तर त्याच्या पदाला आणि पगाराला साजेशी दारं किती? सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे धरून बोटावर मोजण्याइतकी. त्यातही निम्म्या ठिकाणी तुमचे जुने साहेबच बसलेले. मालकाला हे ठाऊक असतं, म्हणून वार्षिक वाढ सहा टक्क्यांवर अडते. चाकण, तळेगाव, रांजणगाव, पिंपरी-भोसरी या पट्ट्यात कंपनी बदलली तरी घर, शाळा, दूधवाला बदलावा लागत नाही. चाळीसनंतर पगार वाढतो तो बहुधा अशाच बदलातून. आजच्या दोन हजारांकडे नका बघू. पुढच्या दोन नोकऱ्यांकडे बघा. मंदी आली तरी हेच. नाशिकमध्ये एक मोठा कारखाना शिंकला की शंभर लहान पुरवठादारांना ताप भरतो, हे तुम्ही आतून पाहिलंय.

तेव्हा डिसेंबरात एकटे जा. मोशीला एखाद्या सहकाऱ्याबरोबर खोली आणि मेस, पंधरा हजार. दर शुक्रवारी एसटीने घरी, महिन्याचे पाच हजार. वहिनींची नोकरी, मुलीची शाळा, आजीचा पाठिंबा सगळं जागेवर. घरात येणार १ लाख २८ हजार. आजची बचत शाबूत राहून वर आठ हजार उरतील. मेपर्यंत प्रोबेशन संपेल, व्हेरिएबल खरंच देतात की नुसतं लिहितात हे जुन्या लोकांकडून कळेल. या सहा महिन्यांत वहिनींनी पुण्यातल्या शाळांत अर्ज करावेत. पत्र हातात आलं तर जूनमध्ये कुटुंब हलवा, अकरा महिन्यांच्या करारावर. नाही आलं तर नका हलवू. त्यांच्या नोकरीचा प्रश्न तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलाय. माझ्या हिशेबात सगळं त्यावरच अडलंय. घर घेण्याचा विषय किमान दोन वर्षं काढू नका.

नाशिकची कंपनी सोडताना ग्रॅच्युइटी मिळेल. तुमच्या मूळ पगारावर नऊ वर्षांचे सव्वादोन लाखांच्या आसपास होतात. त्यातून गाडी बदलायची नाही. ते एफडीत, आपत्कालीन निधी म्हणून, वेगळे. पीएफ काढायचा नाही, नव्या खात्यात वर्ग करायचा.

राजीनामा देण्याआधी मात्र चाकणच्या एचआरला दोन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एक, गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं. दोन, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील येतात का. आजच्या कंपनीत ते आहेत आणि वडिलांना मधुमेह आहे. नव्या ठिकाणी ते नसतील, तर सध्याच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना नेता येतं का, याची चौकशी तुम्ही त्या कंपनीत कामाला असतानाच करायची आहे. शेवटच्या दिवसानंतर कुणी फोन उचलत नाही. तो हप्ता वर्षाला किती येतो ते मला कळवा. मग वरच्या हिशेबात तेवढी एक ओळ वाढवून पुन्हा बेरीज करू.