कपाट जोडण्याआधी

ग्लूची बाटली तूर्त लांबच ठेव. आधी सगळं कपाट कोरडं जोडून बघ. कुसू, म्हणजे फळीच्या टोकाची खाचेत शिरणारी जीभ, खाचेत हाताच्या दाबाने, फार तर लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसायला हवं. घट्ट वाटलं तर ठोकत बसू नको; पटाशीने कुसवाची गालं, म्हणजे दोन्ही सपाट बाजू, किंचित तास. खुणा पेन्सिलीने नको, सुरीने कर.

चौकट आवळल्यावर दोन्ही कर्ण मोज. काटकोन तपासायच्या नुसत्या गुण्यावर माझा भरवसा नाही. फरक निघाला तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढ. मागची फळी अस्सल लाकडाची असेल तर खाचेत मोकळीच राहू दे, पावसाळ्यात फुगते.

आणि हो, २४० सेंमी उंच, ६० खोल कपाट आडवं जोडून उभं करताना कर्णात साधारण २४८ सेंमी जागा लागते. मी छताला अडकवलं होतं एकदा!