न तुटणाऱ्या, कायम टिकणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत कोणते शब्द आहेत? घराला नाव द्यायचं आहे.

शब्द पुष्कळ आहेत. अभंग, अक्षय, अढळ, अविनाशी, शाश्वत, वज्र. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात 'यावच्चंद्रदिवाकरौ' आहे, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. 'अक्षय' नावाच्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, ते नको. मला विचाराल तर 'चिरेबंदी' ठेवा, म्हणजे घडीव दगडांनी, चिऱ्यांनी बांधलेलं. बाकीचे शब्द नुसता आशीर्वाद देतात. चिरेबंदी म्हटलं की दगड घडवणारा माणूस दिसतो. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले जळाले, दगडी जोती आणि तट अजून उभे आहेत.

हे इतकं ठासून सांगतेय कारण माझं माहेर वाईकडचं, वाडा चिरेबंदी. खाली काळा घडीव दगड, वर चुन्यात बांधलेल्या विटा. पाठच्या भिंतीला ओल यायला लागली तेव्हा थोरल्या चुलतभावाने सिमेंटचं प्लॅस्टर करायचं ठरवलं. मी म्हटलं, दादा, चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नकोस, जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. तो म्हणाला, "तू सासरी गेलीस, आता वाड्यात लक्ष घालू नकोस."

माझे वडील जुन्या भिंतींची डागडुजी स्वतः उभे राहून करून घ्यायचे. वाळू आणि विरवलेला चुना बैल फिरवतो त्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालायचं, हे मी लहानपणी बघितलंय. भट्टीत भाजलेली चुनखडी भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडीच होते. म्हणून तसलं काम वर्षानुवर्षं घट्ट होत जातं. बारीक चीर पडली तरी पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळतो, चिरेत जाऊन बसतो आणि ती बुजते. सिमेंटला चीर गेली की गेली.

दादाने प्लॅस्टर केलंच. काही पावसाळे गेले आणि भिंतीवर टकटक केलं की बद्द आवाज यायला लागला. मग परातीएवढा पापुद्रा सुटून पडला. आत सगळा पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार. वीट बोटाने खरवडली तरी भुगा हातात येत होता. शेजारची भिंत, जिला पैसे संपले म्हणून हात लागला नव्हता, ती जशीच्या तशी. शेवटी म्हातारा गवंडी आणून सिमेंट खरवडलं, विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याने भरल्या. खर्च दुप्पट झाला. दादा अजून म्हणतो, गवंडीच वाईट होता. गवंडी वाईट नव्हता, मालच चुकीचा होता.

तुमचं घर नवं, आरसीसीचं असेल तर हे चुन्याचं पुराण तुम्हाला लागू नाही, तिथे सिमेंटच हवं. आणि कोकणातले असाल तर तुमच्याकडे चिरा म्हणजे तांबडा जांभा दगड, तरीही नाव शोभेल. पण गावी जुनी भिंत असेल तर प्लॅस्टर चढवण्याआधी चुन्यात काम केलेला गवंडी शोधा, आणि घरात जिला त्या भिंतीची माहिती आहे तिला विचारा. ती लग्न होऊन गेलेली असली तरी.