सिगारेट सोडल्यावरची चिडचिड आणि ऑफिसचं टेन्शन

तुम्ही लिहिलंय की सिगारेट सोडून आठवडा झालाय, हिंजवडीतल्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर आहे, घरी मुलांवर विनाकारण ओरडणं होतंय, आणि ‘टेन्शन उतरेपर्यंत दिवसाला एखादी ओढली तर?’ असं मनात येतंय. ओढू नका. त्या एकीने हे सगळं लांबेल.

निकोटीन रक्तात साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं. मग बेचैनी सुरू होते, सिगारेट पेटवली की ती शमते आणि आपल्याला वाटतं, कामाचं टेन्शन उतरलं. काम तिथंच असतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात, ते तुम्ही काढलेत. उरलेली चिडचिड बहुतेकांची 2 ते 4 आठवड्यांत ओसरते.

आता चहाचं बघा, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जास्त वेगाने करतं. धूर बंद झाला की तोच कटिंग दुप्पट लागल्यासारखा होतो. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जागं राहणं, यातलं बरंचसं चहा-कॉफीचं असू शकतं. कप निम्मे करा, आणि चारनंतर अमृततुल्यकडे वळूच नका.

ब्रेक मात्र सोडू नका. टपरीवर जी पाच मिनिटं मिळायची, स्क्रीनपासून लांब, मोकळ्या हवेत, लांब श्वास सोडत, त्यातला आराम खराच होता. तलफ आली की जिन्याने खाली उतरा, चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. काही मिनिटांत ती ओसरते. फक्त टपरीच्या उलट्या दिशेने चाला, आणि ग्रुपला स्पष्ट सांगा, “महिनाभर मला चहाला बोलवू नका.” चांगली माणसं समजून घेतात. शनिवार-रविवारी तळजाई किंवा वेताळ टेकडी चढून या. घाम निघाला की झोप लागते, आणि झोप झाली की निम्मी चिडचिड जाते.

एवढ्यानं भागत नसेल तर निकोटीन गम घ्या. सोडण्याआधी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत होती, तर 4 मिलिग्रॅमची, नाहीतर 2 ची. च्युइंगमसारखी सलग चघळायची नाही. थोडी चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. तिच्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. हृदयाचा त्रास असेल किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांचा डोस सिगारेट सुटल्यावर बदलावा लागतो. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, जरूर फोन करा.

घरी आजच सांगून ठेवा की अजून काही दिवस आवाज चढेल, त्यात त्यांची चूक नाही. मुलांना तर नक्की सांगा. आणि रिलीजच्या रात्री जेवण चुकवू नका, बॅगेत फुटाणे ठेवा. रिकाम्या पोटी भूक कुठली आणि तलफ कुठली, हे कळत नाही.