वाचकांचे प्रश्न: संप होणार म्हणतायत, मग मुलांचं काय?

प्रश्न: मुलगा महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की सोमवारपासून शिक्षकांचा संप. आम्ही दोघं कामाला जातो, घरी कोणी नसतं. शाळेत विचारलं तर म्हणे अजून वरून काही आलं नाही. शाळा बंद राहणार का? आणि खिचडीचं काय?
– एक आई, कुर्ला

उत्तर: ताई, वरून आदेश बरेचदा अगदी शेवटच्या दिवशी येतो हे खरंय, पण म्हणून शाळेने तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. संप शिक्षकांचा असतो, त्याने शाळा आपोआप बंद होत नाही. मुख्याध्यापकांनी आधीच विचारून ठेवायला हवं की कोण येणार, कोण नाही, आणि तो आकडा वॉर्डाच्या शिक्षण कार्यालयात कळवायला हवा, म्हणजे जिथे एकही शिक्षक नसेल तिथे काय करायचं ते रविवारच्या आत ठरतं. नाहीतर सोमवारी सकाळी गेटवर दोनशे पोरं आणि आत एक शिपाईमावशी, असं होतं.

आता एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. पालकांचे चालू नंबर कुठे असतात? वर्गशिक्षिकेच्या मोबाईलमध्ये. ग्रुपची अॅडमिन पण तीच. रजिस्टरमधला नंबर पहिलीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळचा, तो कधीच बंद पडलेला असतो. बाई संपावर गेल्या की शाळेकडे तुम्हाला फोन करायची सोयच उरत नाही, आणि मुलाला शाळेत ताप आला तर कळवणार कसं? म्हणून उद्याच ऑफिसात जाऊन तुमचा आणि शेजारच्या कुणाचातरी नंबर वहीत लिहून घ्या. मुलाला न्यायला कोण येणार तेही लिहा. रिक्षाकाकांनाही आजच सांगा.

खिचडीचं म्हणाल तर ती शिक्षक शिजवत नाहीत, शहरात ती बाहेरच्या किचनमधून येते, त्यामुळे शिक्षकांच्या संपाने चूल बंद व्हायचं कारण नाही. पण किती मुलं येणार हे आधी कळवावं लागतं, आल्यावर कुणीतरी मोठ्या माणसाने चाखून बघावं लागतं, मग वाढायचं. हे काम कोण करणार ते नावानिशी ठरलं पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच किमान ७५ टक्के पालक असतात, त्यांनी याच आठवड्यात बैठक लावून हे विचारावं. माझं स्पष्ट मत आहे की त्या दिवसांत शिकवण्याचं नाटक करू नये, सातवीच्या पोरींना पहिलीच्या वर्गावर तर अजिबात बसवू नये. मुलं सुरक्षित राहिली, जेवली आणि वेळेवर घरी गेली तरी पुष्कळ झालं. बुडालेला अभ्यास नंतर भरून काढता येतो. पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, तेव्हा दिवस कमी पडत असतील तर ते कधी भरून देणार तेही बैठकीतच विचारून घ्या.

प्रश्न: माझी मुलगी लॉस एंजेलिसला असते, ती म्हणते तिकडेही शिक्षकांचे संप होतात. तिकडे काय करतात?
– एक आजी, विलेपार्ले

उत्तर: आजी, तिथे दोन्ही प्रकार झालेत. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षक सहा शाळेचे दिवस संपावर होते, तेव्हा बदली शिक्षक आणि ऑफिसचा स्टाफ लावून शाळा चालू ठेवल्या, पण बहुतेक मुलं आलीच नाहीत आणि आली त्यांना हॉलमध्ये एकत्र बसवलं. मग मार्च २०२३ मध्ये शाळांचे बसचालक, जेवण बनवणारे, सफाई कामगार तीन दिवस संपावर गेले, शिक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर शाळा सरळ बंदच ठेवल्या आणि मुलांसाठी ठरलेल्या ठिकाणी जेवणाची पाकिटं वाटली. मला हा दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. शाळा बंद आहे हे स्पष्ट सांगितलं आणि जेवण थांबवलं नाही.

प्रश्न: मी अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवतो, २००८ ला लागलो. जुन्या पेन्शनची मागणी पटते म्हणून संपात जाणारच, पण परीक्षा तोंडावर आहे, पोरांकडे बघून जीव तुटतो.
– एक शिक्षक, भांडुप

उत्तर: सर, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं पेन्शनचं दुखणं मला माहितीये, त्यामुळे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. १४ मार्च २०२३ ला याच मागणीसाठी राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला तेव्हा दहावीचे पेपर चालू होते आणि पालकांचा राग शिक्षकांवर निघाला, का, तर त्यांच्याशी आधी कुणी बोललंच नव्हतं. तुम्ही बोला. पालकसभा बोलावून सांगा की जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली असायची, २००५ नंतरच्या नव्या योजनेत ती बाजारावर अवलंबून ठेवली, म्हणून आम्ही जातोय. आणि जायच्या आधी कपाटाची चावी, अंतर्गत गुणांची यादी, तपासलेले पेपर मुख्याध्यापकांकडे सही घेऊन द्या, पोरांना सरावाचे प्रश्न उत्तरांसकट देऊन ठेवा. संपाच्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, आणि सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये म्हटलेलं आहे, तेव्हा नोटीस आली तर एकट्याने उत्तर देऊ नका, संघटनेच्या लोकांना दाखवूनच द्या.