मुंबईत सोसायटीत नव्याने राहायला जाताना चांगला शेजारी म्हणून काय पाळावे?

रात्री 10 नंतर मिक्सर लावू नये, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करू नये, जिन्यात चपलांचा ढीग करू नये, हे आपल्याला ठाऊक असणारच. एरवी सगळेच शेजारी चांगले असतात. आपल्या बाथरूमचे पाणी खालच्या घरात उतरू लागले की खरी पारख होते.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे काका बोलायला अतिशय गोड. गणपतीत त्यांच्याकडून उकडीचे मोदक न चुकता यायचे. मात्र आमच्या बाथरूमच्या छताला ओल येऊन पोपडे सुटू लागले आणि पाणी गिझरच्या वायरवरून ओघळू लागले, तेव्हा त्यांचे पालुपद एकच होते, "अहो, पावसाचे पाणी मुरले असेल, दिवाळीपर्यंत वाळेल." दिवाळी गेली, होळी आली, तरी छत ठिबकतच होते; ऐन मार्चमध्ये मुंबईत कुठला पाऊस पडतो, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. नव्या टाइल्स फुटतील म्हणून प्लंबरला ते दारात उभे करीत नव्हते आणि सेक्रेटरी "आपसांत मिटवा" म्हणून मोकळे झाले होते. अखेर स्लॅबचा एक तुकडा आमच्या बादलीत पडला, आतली गंजलेली सळई दिसू लागली, आणि मग कुठे वरच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीत, लाल रंगाचे पाणी ओतून पाहण्याची परवानगी मिळाली. संध्याकाळपर्यंत आमच्या छतावर लाल डाग उमटला. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, त्यामुळे चार टाइल्स वाचवताना सगळ्यांचीच इमारत खिळखिळी होते. काकांना हे आजही मान्य नाही, दुरुस्तीचा निम्मा खर्च मी द्यायला हवा होता असेच ते म्हणतात.

त्यांच्यासाठीही लिहितो : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) संडास, सिंक वगैरेंची आतली गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. आपण नव्या घरात बाथरूम तोडणार असाल, तर वॉटरप्रूफिंगनंतर टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना छत पाहायला सांगा. पुढे कधी त्यांनी बेल वाजवलीच, तर प्लंबरला त्याच आठवड्यात आत घ्या.

अर्थात पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून येत असेल, तर तो खर्च सोसायटीचा असतो, त्यासाठी वरच्यांना धारेवर धरू नये. आपण भाड्याने राहणार असाल, तर तोडफोडीचा निर्णय घरमालकाचा. पण खालच्या छताचे फोटो त्याला लगेच पाठवणे आपल्या हातात आहे.